संगीताचा पीरियड गणिताला दिला! तुमच्या मुलांच्या शाळेत काय चाललंय?

रामबागची_सई :
नमस्कार मंडळी, इंदूरकर आणि बाहेरचेही. मुलगी सहावीत आहे, सीबीएसई, शाळेचं नाव लिहीत नाही कारण अजून तिला तिथेच काढायचीय काही वर्षं. जूनमध्ये टाइमटेबल आलं तेव्हा त्यात आठवड्याला म्युझिकचा एक, ड्रॉइंगचा एक आणि लायब्ररीचा एक असे पीरियड व्यवस्थित छापलेले होते. दिवाळीनंतर हळूहळू तिन्ही गायब. म्युझिकचा गणिताला गेला, ड्रॉइंगचा सायन्सला, कारण "कोर्स मागे पडलाय", आणि लायब्ररीच्या पीरियडला म्हणे हिंदीच्या मॅडम वह्या तपासत बसतात आणि मुलं बेंचवर डोकं ठेवून पडतात. बरं, हाच कोर्स ॲन्युअल फंक्शनच्या वेळी मात्र अजिबात मागे पडत नाही, तेव्हा दिवसच्या दिवस अख्खी शाळा ग्राउंडवर, स्पीकरवर ट्रॅक लागलेला आणि मुलं उन्हात रांगेत उभी. सहावीचं एनसीईआरटीचं 'कृती' म्हणून नवीन पुस्तक आहे, चित्र, नाटक, संगीत, नृत्य असे चार भाग आहेत त्यात, छान आहे खरंच, मी बसून वाचलं. आम्ही ते घेतलं, कव्हर घातलं, लेबल लावलं, आणि वर्गात ते एकदाही उघडलेलं नाही.
पीटीएम, म्हणजे पालक-शिक्षक मीटिंग, आहे पुढच्या शनिवारी. विचारायचं तर आहे, पण "मॅडम, एवढी आवड आहे तर बाहेर क्लास लावा ना" हे उत्तर मला आत्तापासूनच ऐकू येतंय. कसं विचारू आणि नेमकं मागू काय?

भंवरकुआवाला :
ताई राग मानू नका पण शाळेनं बरोबर केलं असं मी म्हणेन. इंदुरात राहतो आपण, संध्याकाळी भंवरकुआला उभं राहून बघा एकदा, कोचिंग सुटतं तेव्हा रस्ता दिसत नाही इतकी पोरं असतात, त्यातल्या एकालाही कोणी विचारणार नाहीये की यमन येतो का. गाणं वाईट नाही, मीही गातो, पण शाळेची एवढी फी भरतो ती गणित-सायन्ससाठी. आवड असेल त्यानं क्लास लावावा, रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, गल्लोगल्ली क्लास आहेत. माझा मुलगा दहावीत आहे म्हणून अनुभवावरून लिहितोय.

मूगभजी :
+१ क्लासला. शाळेत शिकवतात ते गाणं नसतंच तसंही, कवायत असते.

सरकारी_शाळेवाली :
@भंवरकुआवाला भाऊ, आणि ज्याला क्लासची फी झेपत नाही त्याच्या पोरानं काय करायचं? मी सरकारी माध्यमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील कोणी हातगाडी लावतात, कोणी मंडीत हम्माली करतात, त्या मुलांना आयुष्यात चित्र, गाणं, गोष्टीचं पुस्तक जे काय मिळायचं ते शाळेतच मिळणार, बाहेर क्लास नावाची गोष्टच नाही त्यांच्यासाठी. तुमच्या मुलाकडे दोन दरवाजे आहेत, माझ्याकडच्यांना एकच.
आणि सई, "कसं विचारू" असं म्हणालीस म्हणून सांगते. हे मेहेरबानी म्हणून मागायचं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, त्याच्या परिशिष्टात स्पष्ट आहे की सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुलं असतील तर कला शिक्षणासाठी, आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक असायला पाहिजेत. त्याच परिशिष्टात प्रत्येक शाळेत लायब्ररी, तिच्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि सगळ्या विषयांची पुस्तकं, "गोष्टींच्या पुस्तकांसह" असं लिहिलेलं आहे. मान्यता टिकवायची तर खाजगी शाळेलाही हे लागू. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तर दहावीपर्यंत कला सक्तीचा विषय असावा असंच आहे, आणि २०२०च्या धोरणात म्हटलंय की अभ्यासाचं आणि अभ्यासाबाहेरचं अशी भिंतच नको. कागदावर सगळं आहे. आमच्या शाळेत कलेच्या शिक्षकाची जागा भरलेली नाही हेही तितकंच खरं, म्हणून मी स्वतःच शनिवारी रंग घेऊन बसते.

भंवरकुआवाला :
सरकारी शाळेचं मान्य. पण खाजगी शाळेत पालक रिझल्ट मागतात, शाळा रिझल्ट देते. मार्कच नसतील तर कोण सिरीयसली घेणार?

चौथी_ब_ची_आई :
मार्क दिल्यावर काय होतं ते माझ्याकडून ऐका 😂 सीबीएसईनं आर्ट इंटिग्रेटेड प्रोजेक्ट सक्तीचं केलंय ना, पहिलीपासून दहावीपर्यंत, त्यात सरकारनं आपल्या राज्याशी जोडून दिलेल्या जोडीदार राज्याची कला घ्यायची. आपल्या मध्यप्रदेशची जोडी मणिपूर आणि नागालँड. तर दर वर्षी रात्री साडेदहाला आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "कुणाकडे मणिपुरी डान्सचा क्लिअर फोटो आहे का" सुरू होतं, स्टेशनरीवाला भिया तर आता न विचारताच प्रिंट काढून ठेवतो, नागालँडची शाल, हॉर्नबिल पक्षी, सगळं तयार. मी कापते, नवरा चिकटवतो, मुलगी झोपलेली असते. ग्रेड ए. मणिपूर कुठे आहे हे तिला अजून माहीत नाही.
वडोदऱ्याच्या नणंदेकडे छत्तीसगड आहे, तिच्याकडेही हेच.

पेटीवाले_सर :
मी एका शाळेत पुष्कळ वर्षं संगीत शिकवलं, आता रिटायर, म्हणून आतली गोष्ट सांगायला हरकत नाही. संगीताचा पीरियड दर वेळी गणितवाले ओरबाडून नेतात असं समजू नका, अर्ध्या वेळा संगीताचा मास्तरच "घ्या साहेब" म्हणून देऊन टाकतो. का? पंचेचाळीस मुलं, पस्तीस मिनिटं, त्यातली सात-आठ वर्गातून रांगेनं यायला आणि बूट काढायला, एकच पेटी आणि तिचेही दोन सूर बसलेले. जुलैत स्वागतगीत, ऑगस्टात देशभक्ती, मग गांधी जयंती, मग फंक्शन. म्हणजे तो मास्तर शिकवत नाही, कार्यक्रम उरकतो. त्यासाठी गळ्यानं बरी अशी पंधरा मुलं निवडतो आणि उरलेल्या तीसांना सांगतो, तू मागे उभा राहा आणि नुसते ओठ हलव. हो, हे शब्द मी स्टाफरूममध्ये ऐकलेले आहेत. दहा वर्षाच्या मुलाला असं एकदा सांगितलं की तो मोठेपणी सत्यनारायणाच्या आरतीलाही नुसते ओठच हलवतो.

आता पस्तीस मिनिटांत होतं काय ते सांगतो.
पहिली गोष्ट पट्टी, म्हणजे सा पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा ते. आमच्यासारखा पुरुष मास्तर स्वतःच्या सोयीनं पेटीची काळी एक धरतो. मुलं त्याच्या वरच्या सप्तकात गातात, तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या सा च्या, वर गेलं की गळा ताणतात, किंचाळतात, मग मास्तर ओरडतो "बेसूर!" अरे पट्टी तुझी आहे, गळा त्यांचा आहे. काळी चार-पाच घ्या, मुलं आरामात गातात, मास्तरनं थोडी तडजोड करावी.
दुसरी गोष्ट, ज्याला सूर लागत नाही असं म्हणतात तो मुलगा. त्याला पेटीतला सा देऊन "लाव, लाव" करायचं नाही. त्याला म्हणायचं, तुझं नाव लांबवून म्हण. तो ज्या सुरात म्हणेल तो सूर आपण पेटीवर शोधायचा आणि वाजवायचा. त्याला पहिल्यांदा कळतं की पेटी आणि आपण एकच बोलतोय, तोंड बघण्यासारखं होतं त्याचं. मग एक सूर वर, परत खाली. बहुतेक मुलं दोन-तीन महिन्यांत येतात वर्गाच्या सुरात. पण त्यासाठी पीरियड दर आठवड्याला झाला पाहिजे, एक बुडला की ते पोर परत मागे.
तिसरी गोष्ट ताल. त्याला पेटीही लागत नाही. तीनताल, सोळा मात्रा, एक, पाच आणि तेरावर टाळी, नऊवर खाली, म्हणजे हात उलटा. सुरुवातीला नऊवर अर्धा वर्ग टाळी वाजवतो आणि हशा होतो. मग मी मधूनच सुरू करायचो, "चला, खालीपासून", आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, सगळ्यांनी एकदम यायचं. पंचेचाळीस मुलं एका क्षणी समेवर आली की शेजारच्या वर्गातला मास्तर दारात येऊन उभा राहायचा, एक तर तक्रार करायला नाही तर ऐकायला.

लष्करवाला :
वा सर! नुसते ओठ हलव, हे आमच्याकडेही अगदी असंच.
ग्वाल्हेरहून लिहितोय. आमच्या गावात या विषयावर बोललं की लोक आधी तानसेन काढतात, मी काढत नाही, मी १९१८ काढतो. त्या साली भातखंड्यांच्या योजनेनं आणि माधवराव शिंद्यांच्या आश्रयानं इथे संगीत विद्यालय निघालं, राजाभैया पूंछवाल्यांसारख्या गवयांनी नोटेशन शिकून घेऊन तिथे शिकवलं. त्याआधी चार वर्षं, १९१४ ला, कृष्णराव शंकर पंडितांनी स्वतःचं विद्यालय काढलेलं होतंच. त्याहून आधीचं बघितलं तर इथली गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली, त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर, त्यांनी १९०१ ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. सांगायचा मुद्दा, घंटा वाजवून, फळ्यावर लिहून, कोणाच्याही पोराला वर्गात बसवून गाणं शिकवता येतं, हे शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलेलं आहे आणि करणारे कोणी ऐरेगैरे नव्हते. घरंदाज गवई तेव्हा नाकं मुरडायचेच.
आणि आज भाच्याच्या शाळेत काय, तर वर्षातून एकदा बस काढून तानसेनच्या मकबऱ्यावर नेतात, पोरं तिथली चिंचेची पानं चघळतात, गळा गोड होतो म्हणून, सेल्फी काढतात, परत. शाळेत म्युझिक टीचर नाही.

मूगभजी :
चिंचेच्या पानांनी गळा धरतो हो, गोड कुठला 😄

रामबागची_सई :
सर, तुमचं सगळं वाचून मुलीला तीनताल शिकवायला बसले काल रात्री. नऊवर टाळी मीच वाजवली.
एक विचारू का, गंधर्वच्या, म्हणजे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गाण्याच्या, परीक्षा द्याव्यात का? क्लासच्या बाई मागे लागल्यात.

पेटीवाले_सर :
द्या, पण घाई करू नका. प्रारंभिक, प्रवेशिका इथपर्यंत मुलाला एक दिशा मिळते, ठरलेले राग, ठरलेले ताल पुरे करावे लागतात, ते चांगलंच. वाईट कधी, तर सहा महिने तेच पाच राग तीच पाच छोट्या ख्यालांची यादी घोटून घेतात आणि परीक्षेनंतर पोराला विचारलं "काहीतरी गा" तर ते विचारतं "कोणत्या इयरचं?" तिकडे महाराष्ट्रात ड्रॉइंगची इंटरमिजिएट दिली की दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून तिकडचे पालक मुलाला चित्रकला "करवून घेतात". भंवरकुआवाले भाऊंना मार्क हवेत, हे घ्या मार्कांचं चित्र.

काडीकचरा :
चित्रकलेवर कोणीच बोलत नाहीये म्हणून मी. आर्ट टीचर आहे, इंदूरचीच. आपल्या गावात १९२७ ला देवळालीकरांनी चित्रकलेची शाळा काढली, तिथून बेंद्रे निघाले, हुसेन निघाले, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर निघाले, हे सगळ्यांना भाषणापुरतं ठाऊक असतं, आर्ट गॅलरीला देवळालीकरांचं नावही आहे. आणि आपल्या शाळांत ड्रॉइंगच्या पीरियडला बाई फळ्यावर मोर काढतात, पंचेचाळीस मोर वह्यांत उतरतात, ज्याचा मोर बाईंच्या मोरासारखा त्याला स्टार.
चिंचाळकर गुरुजींचं काम ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे, वाळकी पानं, मुळं, काड्या, तुटकीफुटकी भांडी, त्यातून माणसं, पक्षी, जनावरं. मी त्यावरून एक करते वर्गात. मुलांनी येताना एक मोडकी वस्तू आणायची, काहीही, बटण, चपलेचा पट्टा, भुट्ट्याचं कणीस. ती कागदावर ठेवायची आणि फिरवायची. कापायची नाही, रंगवायची नाही, नुसती फिरवत राहायचं जोवर त्यात काही दिसत नाही. पहिली दहा मिनिटं सगळे म्हणतात "मॅडम काही नाही दिसत". एका मुलानं फुटक्या कपाचा कान आणला होता, उलटा धरला, आडवा धरला, मग कागदाच्या कडेला ठेवला आणि म्हणाला हे हत्तीचं मागचं आहे, पुढचा हत्ती कागदाच्या बाहेर गेलाय. दहा रुपये खर्च नाही, डिंकसुद्धा लागला नाही. पण मला अडचण काय येते माहितीये? पीरियड संपल्यावर पालकांना पाठवायला "फोटोत छान दिसेल असं" काही हातात नसतं. शाळेला फोटो हवा असतो. मोराचा फोटो चांगला येतो.

सूरसागर_बडोदा :
बेंद्रे तुमचे खरे, पण १९५० ला आमच्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत पेंटिंग डिपार्टमेंट त्यांनीच उभं केलं, तेव्हा अर्धे आमचे 🙂 फॅकल्टीचा फेअर भरायचा तेव्हा के. जी. सुब्रमण्यनांसारखे मोठे आर्टिस्ट विद्यार्थ्यांबरोबर बसून लाकडाची, मण्यांची खेळणी करायचे, मुलांना घेता येतील अशी.
मला वाचनाबद्दल लिहायचंय. आमच्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मग प्रश्न पडला की शाळा सुटल्यावर वाचायला काहीच नसेल तर शिकलेलं विसरणार. म्हणून अमेरिकेतून बोर्डन नावाचा ग्रंथपाल १९१० ला आणला, गावोगाव वाचनालयं काढली, आणि जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकं भरलेल्या लाकडी पेट्या पाठवल्या. पेटी जायची, वाचून व्हायची, बदलून दुसरी यायची. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी अजून आहे, पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या फरशा आहेत, वरचा उजेड खालच्या मजल्यावर जातो, मुलांना एकदा दाखवा. गाण्याचंही तेच, १८८६ ला मौलाबक्षांची गायनशाळा सरकारी खर्चानं, आज ती युनिव्हर्सिटीची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी.
म्हणजे राजाला जे कळलं होतं, की हे कपाटात ठेवून चालत नाही, लोकांच्या हातात गेलं पाहिजे, ते शाळेच्या मॅनेजमेंटला कळत नाही. इथेही पुष्कळ शाळांत लायब्ररी म्हणजे काचेचं कपाट आणि वर कुलूप.

चाव्यांचा_जुडगा :
कुलूप म्हटलंत म्हणून बोलते, मी ग्रंथपाल आहे आणि नावावरूनच कळेल की चाव्या माझ्याकडे असतात. कुलूप का लागतं ते कोणी विचारत नाही. प्रत्येक पुस्तकाचा नंबर अ‍ॅक्सेशन रजिस्टरला चढलेला असतो, वर्षाअखेरी स्टॉक व्हेरिफिकेशन, आणि पुस्तक कमी भरलं तर माझ्याकडे बोट. मग ग्रंथपाल काय करणार, जे बाहेर गेलंच नाही ते हरवत नाही. चांगल्यातली चांगली पुस्तकं सगळ्यात वरच्या फळीवर, कारण ती महाग.
पण केंद्र सरकारच्या २०१७च्या वित्तीय नियमांतच लिहिलंय की वर्षभरात हजार पुस्तकं इश्यू झाली तर त्यात पाच हरवणं स्वाभाविक मानावं, मुद्दाम किंवा हलगर्जीपणानं नसेल तर. खाजगी शाळेला तो नियम थेट लागू नसेना का, पण मी त्याची प्रत काढून प्रिन्सिपल सरांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, सरकार पाच सोडतं, तुम्ही मला तेवढीच सोडा, मी कपाट उघडते. त्यांनी सही केली. सई, तू पीटीएममध्ये हेच माग. "लायब्ररी सुधारा" म्हणू नकोस, त्यावर सगळे मान डोलावतात. "हरवलेल्या पुस्तकाचे पैसे ग्रंथपालाकडून घेणार नाही असं लेखी द्या" असं माग.
आणि पीरियडमध्ये काय करायचं, तर फार काही नाही. पुस्तकं पाठीनं नाही, तोंडानं लावायची, चित्र दिसलं पाहिजे. मुलांना निवडू द्यायचं, मोठ्या मुलानं पातळ चित्रांचं पुस्तक उचललं तर उचलू द्यायचं. सारांश लिहून आण म्हणायचं नाही! शेवटी दहा मिनिटं मी मोठ्यानं वाचते आणि घंटेच्या जरा आधी, अगदी मोक्याच्या जागी, पुस्तक मिटते. ते पुस्तक त्या आठवड्यात कपाटात सापडत नाही. भोपाळच्या एकलव्यचं चकमक १९८५ पासून निघतंय, ते लावून घ्या शाळेत, हिंदी आहे पण आपल्या मुलांना हिंदी आधी येतं, मराठी मागून, खोटं कशाला बोला.

तालमीतला_काका :
मराठी मागून, यावरून माझी कथा. आमच्या कॉलनीच्या गणपतीत मी मुलांचं मराठी नाटक बसवतो. सानंद या इथल्या संस्थेच्या प्रयोगांना पुण्या-मुंबईची नाटकं येतात, मोठी माणसं भरभरून बघतात, पण पोरं तिथे मोबाईलमध्ये असतात कारण बघणं वेगळं आणि करणं वेगळं. माझ्याकडची मुलं शाळेत हिंदी-इंग्रजी, घरी मिश्र. "आजी, मी खेलायला जातो" असं म्हणणारी. त्यांना शुद्धलेखन शिकवा, जमणार नाही. पण नाटकात आजोबाचं काम दिलं आणि त्यात "गुळाचा खडा" असेल तर ळ आपोआप लागतो, कारण समोरचा पात्र हसतो ना.
मी पहिले कितीतरी दिवस डायलॉग देतच नाही. खोलीत चालायला लावतो. उशीर झालाय असं चाला, चिखलातून चाला, चोरी केलीय आणि कोणी बघत नाहीये असं चाला, "थांब" म्हटलं की पुतळा. लाजरी मुलं यात लवकर सुटतात, बोलायचं नसतं म्हणून.
शाळेतल्या नाटकांचं काय होतं माहितीये, स्टेजवर दोन माईक उभे करतात. मग राजा, प्रधान, शिपाई, झाड, सगळे आपला डायलॉग आला की धावत माईकपाशी जातात, बोलतात आणि परत जागेवर. राक्षससुद्धा रांगेत उभा राहतो! आणि आता तर डायलॉगही आधीच रेकॉर्ड करतात, मुलं वर नुसते हात हलवतात. सरांचं ओठ हलवणं आणि हे एकच. ड्रेसवाल्याचं भाडं पालकांकडून, कोरिओग्राफर बाहेरचा, आवाज स्पीकरचा. यात मुलानं केलं काय?
माईक काढून टाका, वीस मुलांच्या वर्गासमोर वर्गातच करा, पडदा नको काही नको, आवाज पोचतो.

भंवरकुआवाला :
मी सगळं वाचलं. मत बदललेलं नाही, दहावीला बोर्ड आहे आणि बोर्डात तीनताल येत नाही. पण एक मान्य, फंक्शनला जेवढे पीरियड जातात त्यात वर्षभराचे म्युझिक-ड्रॉइंग-लायब्ररी तिन्ही निघतील. गणितालाही तोटा फंक्शननीच होतो. तेव्हा फंक्शन छोटं करा म्हणत असाल तर मीही तुमच्या बाजूनं.

सरकारी_शाळेवाली :
चला, एवढं तरी पटलं. हेच पीटीएममध्ये बोला सई, गणितवाल्या पालकांची मतंही मिळतील.

रामबागची_सई :
अपडेट देते, पीटीएम झाली. आम्ही सहा-सात पालक आधीच बोलून ठेवलं होतं म्हणून एकटी पडले नाही. "क्लास लावा" आलंच, दुसऱ्याच मिनिटाला. सरकारी ताईंनी सांगितलेलं परिशिष्टाचं पान मी छापून नेलं होतं, ते मी नुसतं टेबलावर ठेवलं, वाद घातला नाही. प्रिन्सिपल मॅडम वाईट नाहीत, त्यांचंही म्हणणं की फंक्शनच्या व्हिडिओवरून ॲडमिशन होतात, त्यांना वरून प्रेशर असतं. मिळालं काय, तर लायब्ररीचा पीरियड परत, वह्या तपासणं बंद, आणि हरवलेल्या पुस्तकांचं लेखी द्यायला तयार झाल्या, हे ऐकून त्यांच्या ग्रंथपाल बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. ड्रॉइंगचं "बघू". फंक्शन छोटं करायचं तर अजिबात नाही म्हणाल्या. म्युझिकचं म्हणाल्या टीचरनं सोडलंय, नवीन मिळत नाही, पगार ऐकून येत नाही कोणी. मग मी म्हटलं तात्पुरतं कोणी बाहेरचं येऊन शनिवारी शिकवलं तर चालेल का, फक्त सहावीला. म्हणाल्या अर्ज द्या.
@पेटीवाले_सर, न विचारता तुमचं नाव पुढे केलंय. रागावू नका.

पेटीवाले_सर :
येतो की. अट एक, पूर्ण वर्ग पाहिजे, निवडलेली मुलं नकोत, आणि फंक्शनचं गाणं मी बसवणार नाही. जाण्याआधी त्यांची पेटी उघडून बघावी लागेल, भाता गळत असेल तर तो आधी चिकटवून घेऊ, नाहीतर माझा अर्धा पीरियड हवा भरण्यात जायचा.

भंवरकुआवाला :
सर एक पर्सनल. आमच्या घरी हा धागा बायकोनं वाचला. मुलगा आठवीपर्यंत गायचा, मग आवाज फुटला आणि लाजेनं सोडलं, आता तर कोचिंग आहे. या वयात परत सुरू करून उपयोग असतो का, की गेलं ते गेलं?

पेटीवाले_सर :
गेलं कशाला? आवाज फुटतो तेव्हा मुलं गाणं सोडतात कारण वर जायला गेलं की चिरकतं आणि कोणीतरी हसतं. दहावीत आहे म्हणजे बहुतेक बसला असेल आता आवाज. वरचं काही गाऊ नका म्हणावं, काळी एक किंवा त्याच्याही खाली घ्यायची, मंद्रात, खालच्या सुरांत, सावकाश, रोज दहा-पंधरा मिनिटं, जोर लावायचा नाही. तेवढाही वेळ नसेल तर तबल्याचा ठेका लावून नुसता ताल धरू दे हातावर. कोचिंगला जाताना सिटी बसमध्येही जमतं ते.